गाडीतला बाहेरच्या तापमानाचा आकडा : सावईवेरे ते म्हापसा, वर्षभराच्या नोंदी

मार्चमधला शुक्रवार. म्हापशाचा बाजार भरलेला. दुपारी दीडच्या सुमारास बहिणीच्या घरून घरच्या चॉकलेटचे डबे घेऊन निघाले, गाडीत बसले, चावी फिरवली आणि समोर आकडा आला : बाहेर ४२ अंश. मी तशीच उतरले. अकरा डबे पुन्हा बहिणीच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि तिन्ही दुकानांना फोन करून आज माल येणार नाही असं सांगितलं. त्यातला एक डबा एका मुलीच्या वाढदिवसासाठी होता. तिच्या आईला काय सांगायचं हे दुकानदाराने मला विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी भाच्याने मोबाईल पुढे केला. ‘मावशी, आज पणजीचं कमाल तापमान ३४ च्या आसपास होतं.’ म्हापसा आणि पणजी यांच्यात दहा-बारा किलोमीटरचं अंतर. तेवढ्यात आठ अंश वाढत नाहीत.

त्या दिवसापासून गाडीतल्या त्या आकड्यामागे लागले. एका मार्चपासून पुढच्या मार्चपर्यंत, वर्षभराच्या नोंदी वहीत आहेत. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, एअरबॅगा मोजतो, डिकीत सिलिंडर मावेल का ते बघतो. हा आकडा खरा असतो का, हे शोरूममध्ये कोणी विचारताना मी पाहिलं नाही, मीही विचारलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. गाडीच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण बहिणीच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असून थोड्याफार फरकाने तसंच वागतात हे मी नंतर पडताळलं.

मला हा आकडा का लागतो ते आधी सांगते. फोंड्याजवळच्या सावईवेऱ्याला आमचं कुळागर, म्हणजे बाग, आहे. सुपारी, मिरी, जायफळ, भिरंडं म्हणजे कोकमं. गेली सहा वर्षं मी घरी चॉकलेट करते. जायफळाचं, मिरीचं, भिरंडाच्या सोलांचं. चवथीच्या दिवसांत मोदक. चॉकलेटमधलं कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं खाली. तोंडात टाकल्यावर ते विरघळतं ते त्यामुळेच. पण वितळण्याच्या बरंच आधी ते मऊ पडतं, आणि एकदा मऊ पडून पुन्हा घट्ट झालं की वर पांढुरकी साय धरते. खायला काही अपाय नसतो, पण गिऱ्हाईक तो डबा परत करतं. म्हापशाच्या बाजारपेठेत दुकानाच्या दारापर्यंत गाडी जात नाही, दहा मिनिटं चालावं लागतं. माझ्या थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या जेलच्या चार पिशव्या घातल्या की ३६ अंशांपर्यंत वीस मिनिटं बिनघोर निघतात, हे मी चुकत चुकत शिकले होते. त्याच्या वर असेल तर न्यायचंच नाही. मग बाहेर किती आहे ते बघायला गाडीतला आकडा होताच. हातात दुसरं काही नव्हतं, आणि महागाच्या गाडीत बसवलेलं यंत्र खोटं बोलेल असं मनात आलं नाही.

‘तुला अंगाने कळलं नाही का?’ असं नवऱ्याने विचारलं. नाही कळलं. मार्चच्या भर दुपारी डांबरावर उभ्या माणसाला ३४ आणि ४२ मधला फरक अंगाने सांगता येत नाही. ऊन सोसणं आणि हवा मोजणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य मी आता सहज लिहिते आहे, पण ते कळायला मला दोन महिने लागले.

पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे लॅपटॉप जोडून बघितलं, काही दोष दिसत नाही म्हणाले, आणि ‘सगळ्याच गाड्या असं दाखवतात, हवा तर सेन्सर बदलून देतो’ असं सांगितलं. सगळ्याच दाखवत असतील तर बदलून काय होणार, ह्याचं उत्तर मिळालं नाही. मग फोंड्याला आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. त्याने पुढच्या बंपरच्या जाळीतून बॅटरी मारून मला तो सेन्सर दाखवला. करंगळीच्या पेराएवढा काळा तुकडा, दोन वायरी. तो म्हणाला, ‘वयनी, सेन्सर बरो आसा. गाडी तापल्या.’ हे एवढं सरळ उत्तर मला पहिल्यांदा मिळालं.

आत असतो तो थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो, उतरलं की वाढतो. ह्या प्रकारच्या थर्मिस्टरचा रोध २५ अंशांला जेवढा असतो त्याच्या साधारण तिप्पट बर्फाच्या पाण्यात होतो. गाडीचा संगणक तो रोध वाचून अंश ठरवतो. साधं, स्वस्त, टिकाऊ यंत्र. बहुतेक गाड्यांत ते पुढच्या बंपरमागे, रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या पुढे असतं, म्हणजे धावताना समोरची ताजी हवा आधी त्याला लागते. काही गाड्यांत बाजूच्या आरशाच्या पोटात बसवतात.

आता वेधशाळा कशी मोजते ते बघा. लाकडी पेटी, पांढरा रंग, चारी बाजूंना झिलमिल्या, म्हणजे हवा खेळते पण ऊन आत येत नाही. ही स्टीव्हन्सन पेटी. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर तापमापक, खाली शक्यतो गवत. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या वेधशाळेचा जो आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो तो असा मोजलेला असतो. आणि माझा सेन्सर? गुडघ्याएवढ्या उंचीवर, काळ्या प्लॅस्टिकमागे, खाली डांबर, पाठीला इंजिन. उन्हात डांबर ५० अंशांच्या वर सहज जातं. हे दोन आकडे शेजारी ठेवून एकाला खोटं म्हणणं मला त्यानंतर पटेना. पण मग हा आकडा किती अंशांनी आणि नेमका कधी चुकतो, ते तरी मला माहीत हवं होतं.

म्हणून मोजमाप सुरू केलं. लांब वायरचा डिजिटल तापमापक घेतला, फ्रीजवाले वापरतात तो, दोनशे रुपयांच्या आत मिळाला. त्याच्यावर तरी विश्वास का ठेवायचा? स्टीलच्या पेल्यात बर्फ कुटून भरला, वर थोडं पाणी, ढवळून पाच मिनिटं थांबले. शून्य दाखवायला हवं, त्याने ०.७ दाखवलं. मग कोमट पाण्यात तो आणि घरातला तापाचा थर्मामीटर एकत्र धरले. थर्मामीटर ३८, हा ३८.६. म्हणजे दोन्ही टोकांना पाऊण-अर्धा अंश जास्त, आणि सारखाच जास्त. प्रत्येक नोंदीतून ०.६ वजा करायचे असं ठरवून टाकलं. हे ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी बर्फ भरपूर आणि पाणी थोडं घ्यावं. पाण्यात दोन खडे टाकले तर शून्य येत नाही.

वायरचं टोक उघडं ठेवलं तर त्यालाही ऊन लागणार. त्यासाठी पाण्याच्या पाइपचा वीतभर पांढरा तुकडा, दोन्ही बाजूंनी उघडा, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. टोक त्याच्या मधोमध, कुठे न टेकता, दोऱ्याने तोललेलं. हा पाइप डाव्या आरशाखाली बांधला आणि वायर खिडकीतून आत घेतली. धावताना हवा पाइपमधून सरळ निघते. शनिवार-रविवारी भाचा शेजारी बसून दर दोन मिनिटांनी दोन्ही आकडे मोठ्याने वाचायचा आणि वहीत लिहायचा. गावाचं नाव, वेळ, ऊन की सावली, वेग. ती वही आता शंभर पानांची आहे. अंगणातल्या मापासाठी गावच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, जुन्या खिडकीच्या झिलमिल्यांची एक पेटीही करून घेतली, पांढरा रंग दिला. पण कुळागरातली हवा हीच मुळात वेगळी, तिथे मार्चमध्येही दुपारी सावलीत तीन-चार अंश कमी असतात, त्यामुळे रस्त्याशी तुलना करायला ती पेटी फारशी कामाची ठरली नाही.

वहीत पहिल्याच महिन्यात दिसलं ते हे : गाडी चाळीसच्या वर वेगाने दहा मिनिटं चालली की तिचा आकडा माझ्या पाइपमधल्या आकड्याच्या एका अंशाच्या आत येतो. सकाळी असो, दुपारी असो. गाडी पूर्ण अंश दाखवते, दशांश नाहीत, म्हणजे अर्धा अंश तर तिथेच जातो. ते धरलं तर हा सेन्सर उत्तम आहे. रात्रभर सावलीत उभी गाडी पहाटे सुरू करावी, तर पहिल्या क्षणापासून बरोबर. पहाटे साडेसहाला गाडी २२, पाइप २१.४. ह्याहून जास्त मी कुठल्याही गाडीकडे मागणार नाही.

उभी राहिली की बिघडतं, आणि त्यातही तीन तऱ्हा आहेत.

उन्हात तास-दोन तास उभी असेल तर सगळ्यात वाईट. बंपर, जाळी, सेन्सरचं आवरण सगळं तापलेलं असतं, खालून डांबराची झळ. त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा करून पाहिलं : गाडी ४१, पलीकडच्या आंब्याच्या सावलीत धरलेला पाइप ३४.१. त्या ४२ च्या शुक्रवारीही हेच झालं होतं. इंजिन बराच वेळ बंद होतं, थंड झालं होतं, त्यामुळे गाडीच्या संगणकाने जुना आकडा टाकून दिला आणि सेन्सर सांगेल तो नवा आकडा खरा मानला. सेन्सरने आपलं स्वतःचं तापमान सांगितलं, आणि ते खरंच तेवढं होतं. ह्या दुसऱ्या वेळी निघाल्यावर गिरीला पोचेपर्यंत आकडा ३७ वर आणि पर्वरीच्या चढावर ३५ वर आला.

दुसरी तऱ्हा, थोडा वेळ थांबणं. पेट्रोल भरलं, चहा घेतला, दहा मिनिटांत परत. तेव्हा आकडा जागचा हलत नाही. आधी ३३ होता, आता ३३. पहिल्यांदा मला वाटलं, वा, इथे बरोबर मोजतो. पण तो मोजतच नसतो. इंजिन गरम आहे म्हणजे सेन्सरभोवतीची हवा इंजिनाने तापलेली असणार, हे संगणकाला ठाऊक असतं, म्हणून तो शेवटचा जुना आकडा दाखवत राहतो आणि गाडीने वेग घेतल्यावर पुन्हा वाचायला लागतो. अनेक गाड्यांत अशी सोय आहे. खाली येणारा आकडा लगेच मान्य, वर जाणारा मात्र गाडी धावत असेल तरच, तोही हळूहळू. ज्याने हे ठरवलं त्याने विचार करून ठरवलं आहे. गाडीभोवतीची हवा इंजिनामुळे खोटी गरम होऊ शकते, खोटी गार सहसा होत नाही.

तिसरी तऱ्हा भोमची. भोम ते बाणस्तारी रस्त्यावर वाहनं तुंबली की पंधरा-वीस मिनिटं मुंगीच्या पावलांनी जावं लागतं. ना गाडी उभी, ना धावत. एसीचा पंखा जोरात, पुढच्या ट्रकचा धूर थेट जाळीत. एकदा ३४ वरून ३७ वर गेला. पाइपमध्ये ३५.२ होतं, म्हणजे तिथली हवा खरोखरच एक अंशाने तापलेली होती, आणि वरचे जवळजवळ दोन अंश गाडीचे स्वतःचे. बाणस्तारीचा पूल ओलांडून साठच्या वेगाने पाच मिनिटं गेल्यावर ३४.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग ह्या आकड्याचा उपयोग काय. माझा अनुभव उलटा आहे. मला तो आता पूर्वीपेक्षा जास्त आवडतो. धावत्या गाडीत त्याला गावागावांतला फरक फार चांगला कळतो, आणि गोव्यासारख्या लहानशा मुलखात तो फरक केवढा असतो हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं.

मार्च-एप्रिलच्या दुपारी सावईवेऱ्याहून मंगेशीला येताना ३६ असतं. कुंडई, भोम, ३६. बाणस्तारीच्या पुलावर ३५. जुने गोव्याला ३४. तिथून पणजीला जायला दोन वाटा. कदंब पठारावरून गेलं की ३४ तसाच टिकतो, कधी ३५ होतो, कारण वर सगळा उघडा जांभा, सडा, झाडोरा विरळ. रायबंदरवरून मांडवीच्या काठाने गेलं की ३३ आणि मिरामारला ३२. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. जमीन लवकर तापते, पाणी उशिरा, म्हणून दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वारा. परीक्षेत दोन गुण मिळाले होते त्याचे. तो वारा पणजीत कधी शिरतो आणि आत कुठपर्यंत पोचतो, ते मला ह्या गाडीने दाखवलं. वहीत तारखा आहेत : काही दिवशी दुपारी बारालाच बाणस्तारीवर आकडा उतरतो, काही दिवशी दोन वाजले तरी रायबंदरच्याही पुढे गेल्याशिवाय उतरत नाही.

हे दुसऱ्या प्रकारचे दिवस मी आता ओळखते. सकाळपासून पूर्वेचा, घाटावरचा कोरडा वारा जोरात असतो, तो समुद्राच्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवून धरतो, आणि मग पणजीही तापते. २०२३ च्या मार्चमध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता आणि शाळा दुपारच्या आत सोडल्या होत्या, आठवत असेल. किनारपट्टीसाठी हवामान खात्याचा निकष ३७ अंशांपासून सुरू होतो, शिवाय नेहमीपेक्षा साडेचार अंशांची वाढ लागते. मैदानी भागात तोच ४०. म्हणजे आपल्याकडे ३७ आणि ३४ यांत जे तीन अंश आहेत ते फार मोठे आहेत, आणि उन्हात लावलेली गाडी त्यापेक्षा दुप्पट चूक करते. गाडीतल्या आकड्याचा फोटो काढून ‘गोव्यात ४३’ म्हणून पाठवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की दहा मिनिटं गाडी चालवा आणि मग फोटो काढा. घरात म्हातारी माणसं असतात, ती ते वाचून घाबरतात. माझ्या सासूबाईंनी एका अशा फोटोमुळे आठ दिवस देवळात जाणं सोडलं होतं.

चोर्ला घाटाची नोंद मुद्दाम सांगते, कारण सेन्सरची खरी परीक्षा तिथे झाली. डिसेंबरमध्ये बेळगावला लग्न होतं. सत्तरीतल्या केरीला, अंजुण्याच्या धरणाच्या अलीकडे, दुपारी ३२. घाटमाथा समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात हा ढोबळ हिशोब, म्हणजे वर २७ दिसायला हवं. वळणावळणांनी आकडा एकेक पायरी उतरत गेला, ३१, ३०, ३०, २९, आणि माथ्यावर पोचून सपाट रस्त्याला लागल्यावर २७. पाइप मात्र तीन-चार मिनिटं आधीच तिथे पोचला होता. ही सेन्सरची दिरंगाई. ती प्लॅस्टिकच्या जाड आवरणामुळे. परतीच्या वाटेवर घाट उतरताना तर आणखी रेंगाळतो, कारण वर चढणारा आकडा मान्य करायला संगणक वेळ घेतो. साखळीला पोचलो तरी तो घाटातलंच तापमान दाखवत होता. भाचा मागच्या सीटवरून ओरडत होता, ‘मावशी, अजून तीसच!’

पावसाबद्दल माझा अंदाज साफ चुकला. मला वाटलं होतं, भिजलेला सेन्सर काहीबाही दाखवेल. उलट जून ते सप्टेंबरच्या नोंदी सगळ्यांत चांगल्या. ऊन नाही, डांबर तापलेलं नाही, दुपारी गाडी उभी करा नाहीतर चालवा, अंशाच्या आतबाहेर. ओला सेन्सरही थंड पडत नाही, कारण हवाच इतकी दमट असते की त्याच्यावरचं पाणी वाळत नाही. पाणी वाळतानाच उष्णता घेऊन जातं. हेच डिसेंबर-जानेवारीत करून बघा. सकाळी कोरडा वारा असताना गाडी धुवा आणि लगेच निघा. माझी गाडी दहा मिनिटं दोन-अडीच अंश कमी दाखवत होती, सेन्सर सुकल्यावर ताळ्यावर आली. माठातलं पाणी गार होतं ते ह्याच कारणाने.

मधेच ऑगस्टमध्ये एक गोंधळ झाला. सगळ्याच नोंदी, धावतानासुद्धा, तीन अंश जास्त यायला लागल्या. मी पाइप तपासला, पुन्हा बर्फात बुडवला. पाइप बरोबर होता. मेकॅनिककडे नेली तेव्हा कळलं की एका उंच गतिरोधकावर बंपर घासला होता, सेन्सर खोबणीतून निसटून वायरीवर मागे कंडेन्सरला टेकून लोंबत होता. एसी चालू असताना कंडेन्सर तापतो, म्हणजे सेन्सर चुलीशेजारी बसलेला. त्याने खोबणीत परत दाबून बसवला, पैसे घेतले नाहीत. पावसाळ्यात आमचे रस्ते जे असतात ते बघता हे कोणाचंही होऊ शकतं. तुमचा आकडा धावतानाही सतत जास्त दिसत असेल तर सेन्सर बदलण्याआधी तो जागेवर आहे का ते वाकून बघा.

आणखी एक, हे फार कामाचं आहे. अनेक गाड्यांत हा सेन्सर एसीलाही माहिती पुरवतो. वायर तुटली तर संगणकाला अफाट रोध दिसतो, तो त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावतो, आणि समोर उणे ४० किंवा नुसत्या दोन रेघा येतात. थंडीत एसीचा कॉम्प्रेसर चालवायचा नाही असं त्याला शिकवलेलं असतं, म्हणून तो एसी बंद ठेवतो. तेव्हा एसी अचानक गार करेनासा झाला आणि आकड्याच्या जागी असं काही दिसलं, तर गॅस भरायला पैसे देण्यापूर्वी ह्या दोन वायरी तपासून घ्या.

माझी तक्रार सेन्सरबद्दल नाहीच, गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेबद्दल आहे. बाहेर ४ अंश झाले की घंटी वाजेल, हिमकणाचं चिन्ह दिसेल, रस्त्यावर बर्फ असू शकतो, सावकाश चालवा, ह्यावर त्यात अर्धं पान आहे. थंड देशांत हा आकडा गाडीत आला तो त्यासाठीच असणार, आणि तिथे तो जीव वाचवतो. पण भारतात विकलेल्या गाडीच्या पुस्तिकेत उन्हात उभ्या गाडीबद्दल एक ओळ नसावी हे मला खटकतं. ‘गाडी थांबलेली असताना किंवा नुकती सुरू केल्यावर हा आकडा हवेचा नसू शकतो’, एवढं वाक्य पुरलं असतं. किंवा वेग येईपर्यंत आकडा फिकट दाखवायचा. संगणकाला ठाऊक असतं की आपण आत्ता जुना आकडा दाखवतो आहोत. मग ते समोर बसलेल्या माणसाला का सांगू नये?

मोबाईलवरचं तापमान वापर, असा सल्ला मला पुष्कळांनी दिला. तेही करून बघितलं. तो आकडा बहुधा गणिती नकाशातून काढलेला असतो, एका मोठ्या चौकोनाला एकच, म्हणून सावईवेऱ्याचं कुळागर आणि वरचा रस्ता त्याला सारखेच. दिवसभराचा अंदाज बांधायला तो चांगला आहे. पण खोर्लीला पोचल्यावर आत्ता इथे वारा आला का, हे तो सांगत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर धावताना साडेचार, उभी असताना एक. आणि दमटपणा त्यात नाही हे लक्षात ठेवून वाचायचा. मे महिन्यातले ३३ आणि जानेवारीतले ३३ एक नव्हेत, घाम सुकत नाही तेव्हा तोच आकडा अंगावर दुसराच होतो. चॉकलेट वितळायला त्याने फरक पडत नाही, मला पडतो.

आता म्हापशाला जाताना मी आकडा पर्वरीच्या सिग्नलच्या आधी वाचते, सरळ रस्त्यावर, गाडी पन्नासवर असताना. तो वहीत लिहिते. बहिणीकडून दुपारी निघताना समोर काय दिसतं त्याकडे बघत नाही. सकाळच्या आकड्यात दुपारचे किती धरायचे ते वही सांगते : वारा वेळेवर आला असेल तर दोन, पूर्वेचा कोरडा वारा असेल तर चार. गेल्या शुक्रवारी पर्वरीला ३१ होतं, आंब्याची पानं पश्चिमेच्या वाऱ्याने हलत होती. चावी फिरवल्यावर गाडी ४० म्हणाली. मी नऊ डबे घेऊन निघाले आणि बाजारात दहा मिनिटं चालून ते पोचवले. त्यातला एक डबा त्याच मुलीच्या घरी गेला. तिचा वाढदिवस पुन्हा आला होता.